फुलीची खापरी

"ती कुंडी फोडा."

बाईसाहेबांच्या तोंडून मी ऐकलेले हे पहिले वाक्य. ते मला उद्देशून नव्हते. बाईसाहेब माझ्याशी बोलत नसत, माझ्याविषयी बोलत. वाक्य गेनबा माळ्यासाठी होते.

आषाढातली उघडीप होती. पागेसमोरच्या फरसबंद अंगणात आम्ही मुली रांगेने उभ्या होतो आणि भिंतीशी नव्या कुंड्या एकीत एक घालून ठेवल्या होत्या. आमच्या शिक्षिका गोदूताई म्हणाल्या, "प्रत्येकीने एकेक कुंडी घ्यावी." मी घेतली. 'प्रत्येकीने' या शब्दाचा अर्थ मला शाळेत शिकवला होता, तोच मी धरला. कुंडीला अजून भट्टीचा वास होता. मी ती दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती.

बाईसाहेब ओसरीवर आल्या. छत्री मिटली. विचारले, "ही कुंडी तिला कुणी दिली?"

गोदूताईंनी नजर रांगेच्या दुसऱ्या टोकाकडे वळवली.

"ती कुंडी फोडा."

गेनबाने मला हाताने खूण केली. मी कुंडी खाली ठेवून मागे सरले. त्याने कुदळीच्या पाठीचा एक घाव घातला. नव्या कुंडीचा आवाज मोठा होतो. रांगेतली एक मुलगी हसली. हसू आवरण्यासाठी तिने पदर तोंडाशी नेला, पण मला ते दिसावे इतक्या सावकाश नेला.

"हिला घासलेटचा डबा द्या," बाईसाहेब म्हणाल्या. "पत्र्याला दोष नाही."

आणि त्या चहाला आत गेल्या.

पुढचे सांगण्यापूर्वी मातीविषयी थोडे सांगितले पाहिजे. मी शिकवण्याचे काम करते आणि पायरी सोडून पुढे जाणे मला जमत नाही. मातीचे भांडे पाणी शोषते. पाण्याबरोबर ते विटाळही शोषते, अशी आपल्याकडे समजूत आहे. म्हणून मातीचे भांडे बाटले की ते फोडायचे. धातूचे भांडे शोषत नाही. राखेने घासले की ते पुन्हा वापरायचे. ही समजूत कोणत्याही शाळेत शिकवत नाहीत. तरी ती सर्वांना पाठ असते.

त्याच आठवड्यात गोदूताईंनी आम्हांला कुंडीचा पाठ दिला. त्या म्हणाल्या, मातीची कुंडी श्वास घेते. तिच्या अंगातून पाणी झिरपते, हवा आत जाते, मुळे थंड राहतात. पत्र्यात मुळे पावसाळ्यात कुजतात आणि उन्हाळ्यात भाजतात. म्हणून कुंडी नेहमी मातीचीच घ्यावी. मुलींनी मान डोलावली. मी उंबऱ्याबाहेर बसून ऐकत होते. मीही मान डोलावली. पाठ उत्तम होता. माझ्या मांडीजवळ घासलेटचा रिकामा डबा होता.

मातीने शोषावे हा झाडाच्या बाबतीत गुण, माझ्या बाबतीत दोष. ज्या कुंभाराने ती माती मळली त्याने ती पायांनी तुडवली होती. कुंड्या गाढवांच्या पाठीवरून आल्या होत्या. त्यांत शेणखत भरायचे होते. कुंडीला हे सारे चालले. माझे दोन धुतलेले हात तिला चालले नाहीत.

आता जागेविषयी. भोरच्या खाली, नीरेच्या काठी, एका जुन्या इनामदार घराण्याची ती बाग. घराण्याचे नाव मी लिहीत नाही. ते आपले नाव स्वतःच पुष्कळ ठिकाणी कोरून ठेवतात. त्यांना माझी मदत नको. घरातले कर्ते पुरुष वारल्यावर बाईसाहेबांच्या मनात आले की मुलींना बागकाम शिकवावे. पागा रिकामी होती. घोडे गेले होते. दोन दोन दगडी खांबांमध्ये एकेक घोडा बांधत, त्या प्रत्येक खणात एकेक खाट पडली आणि पागेचे वसतिगृह झाले. भिंतीतल्या लोखंडी कड्या तशाच होत्या. मुली त्यांवर ओली लुगडी वाळत घालत.

त्या खणांपैकी एक रिकामा होता. तो वर्षभर रिकामा राहिला. मला पागेमागची खोगिरांची खोली दिली. तिला खिडकी नव्हती आणि कुजक्या चामड्याचा वास भिंतीतून जात नव्हता. पागेत घोडे राहिले, घोड्यांची लीद राहिली, नंतर मुली राहिल्या. घोड्याचा विटाळ मानण्याची रीत नाही. रीत करणाऱ्यांना घोडा लागत होता.

मला तेथे घेतलेच का, हा प्रश्न रास्त आहे. पाहुण्यांसाठी. बाईसाहेबांकडे पुण्याहून पाहुणे येत. सुधारलेली माणसे, पांढरी खादी, हळू बोलणारी. त्यांना बाग दाखवायची, पागा दाखवायची आणि शेवटी मला दाखवायचे. मी धुतलेले लुगडे नेसून कढीलिंबाच्या झाडाखाली उभी राहायची. "ही आमची हरिजन कन्या," बाईसाहेब म्हणत. पाहुणे म्हणत, "किती स्वच्छ आहे हो!" एकाने विचारले, "वाचता येते का?" मी मराठी सातवी पास होते. हे विचारणाऱ्याला त्याचे उत्तर माझ्याकडून नको होते. त्याने ते बाईसाहेबांना विचारले होते.

मी हे का सोसले, तेही सांगते. आमची वस्ती मार्गासनीच्या पलीकडे. आम्ही महार. वडिलांकडे गावकीचे काम: सांगावे पोचवणे, मेलेले जनावर ओढणे, चावडीपुढे हाक येईपर्यंत बसून राहणे. मला शिकायचे आणि शिकवायचे होते. त्या काळी मुलींच्या शाळांतून बागकाम सुरू करायचे चालले होते आणि ते शिकवायला बाई मिळत नव्हती. पागेचा दाखला असेल तर बाईची जागा मिळे. जात न पाहता मिळे, असे ऐकून होते. निघताना वडील नसरापूरपर्यंत सोबत आले. निरोप घेताना म्हणाले, "दाखला घिऊनच ये. न्हाई मिळाला तर गावकी हायेच. ती काय कुठं जात न्हाई."

एवढ्यासाठी मी त्या झाडाखाली उभी राहत होते. तो दाखला मला हवा होता.

डब्यातली बाग अशी असते. मी खिळ्याने तळाला भोके पाडली. तरी श्रावणात मिरचीची रोपे कुजली, भाद्रपदात झेंडूची. गोदूताई येऊन पाहत. "पाणी जास्त झाले," म्हणत. पाणी जास्त झाले नव्हते. पत्रा होता. ते त्यांनीच शिकवले होते आणि त्यांनाही ठाऊक होते. त्या वाईट बाई नव्हत्या. ज्यांना सारे कळते आणि ज्या काही करत नाहीत, त्यांना आपल्याकडे चांगले म्हणतात. त्या अर्थी त्या फार चांगल्या होत्या.

मुली मला घासलेटबाई म्हणत. हे नाव कुमुदने ठेवले. कुमुद भोरच्या एका कारकुनाची मुलगी. पहिल्या दिवशी पदरामागे हसली ती हीच. हुशार होती. तिच्या जिभेला विसावा नव्हता.

"घासलेटबाई, जरा लांबून चला. उन्हाचं पेट घ्याल!"

दुसरी म्हणे, "अगं, पेटली तर बरंच. खोगिरांच्या खोलीत दिवा तरी होईल."

मी हसत नसे आणि रडतही नसे. त्यामुळे त्यांची गंमत लवकर संपे आणि पुन्हा लवकर सुरू होई.

एकदा भाद्रपदात वारा सुटला आणि मांडणीवरची एक कुंडी कलली. तीत कुमुदचे गुलाबाचे कलम होते. मी जवळ होते. मी धरली. विचार करून धरली नाही; पडणारी वस्तू माणूस धरतो. कलम वाचले. सायंकाळी बाईसाहेबांनी कलम उपटून दुसरीकडे लावायला सांगितले आणि कुंडी फोडायला. कलम आठवड्याने वाळले. कुमुद मला म्हणाली, "तू मेलीस कशाला मध्ये पडायला? पडली असती तर नुसती कुंडी गेली असती." तिचे बरोबर होते. त्या घरात वस्तू वाचवण्याचा अधिकारही आधी मिळवावा लागत होता.

त्यानंतर नवी पद्धत आली. मला शिवलेली कुंडी चुकून कोणी उचलू नये, म्हणून गेनबाने तिच्यावर चुन्याची फुली मारायची. झाडांच्या बुंध्यांना लावायचा चुना त्याच्याकडे असेच. फुलीची कुंडी कोपऱ्यात ठेवायची आणि सवडीने फोडायची. अंगण अरुंद, मांडण्या दाट. लुगड्याचा काठ लागे, कोपर लागे. कोपऱ्यात दोन-चार फुल्या नेहमीच असत.

फोडायचे काम माझे. फुटक्या कुंडीचे तुकडे हाताला कापतात, म्हणून ते दुसऱ्या कुणाला देत नसत. मी गेनबाची हातोडी घेऊन बसे आणि कुंडीचे बोटभर लांबीचे तुकडे करे.

त्या तुकड्यांचे काय होई, हे आता सांगते. ज्यांनी कधी झाड लावले आहे त्यांना ते माहीत असेल. कुंडीच्या तळाला भोक असते. त्यावर एक खापरी पालथी ठेवायची, तिच्याभोवती आणखी दोन-तीन, आणि मग माती. खापऱ्यांमुळे जादा पाणी निघून जाते आणि माती वाहत नाही. खापरी नसेल तर कुंडी निरुपयोगी. प्रत्येक कुंडीला खापऱ्या लागतात, आणि त्या फुटक्या कुंडीखेरीज कोठून मिळणार? गेनबा माझे तुकडे टोपलीत भरी आणि टोपली लागवडीच्या ओट्यावर ठेवी. मुली तीतून खापऱ्या घेत.

कित्येक महिने हे माझ्या डोळ्यांसमोर चालले होते. मी पाहत होते आणि मला दिसत नव्हते. कारण मी माझ्या हाताकडे पाहत होते, टोपलीकडे नाही.

दिसले ते कार्तिकात. तुळशीच्या लग्नासाठी बाईसाहेबांना नवी तुळस हवी होती. मान कुमुदला मिळाला. ती स्नान करून, सोवळ्याचे नेसून ओट्याशी आली. आम्हांला दूर उभे केले; 'आम्हांला' म्हणजे मला. कुमुदने नवी कुंडी घेतली, टोपलीत हात घातला आणि एक चांगली, किंचित वाकडी खापरी निवडून भोकावर ठेवली. खापरीवर चुन्याची अर्धी फुली होती. पांढरी स्वच्छ. तिने तीवर माती ओतली, तुळस लावली आणि दोन्ही हात जोडले.

मी गेनबाकडे पाहिले. गेनबा माझ्याकडेच पाहत होता. त्यालाही ती फुली दिसली होती.

नंतर तो माझ्याजवळून जाताना पुटपुटला, "गप ऱ्हा, पोरी. खापरीला कुठं जात आस्ती?"

मी म्हणाले, "मग कुंडीला कुठे होती?"

तो चुन्याचे मडके उचलून चालता झाला.

त्या दिवशी मी खोगिरांच्या खोलीत बसून हसले. आनंदाने नव्हे. इतके महिने मी ज्यांना भीत होते त्यांचा सोवळेपणा माझ्या हातच्या तुकड्यांवर उभा होता, आणि त्यांना ते कळण्याइतकेही आपल्या कुंडीत डोकावायचे नव्हते. जी गोष्ट मी आजवर मोठी समजत होते ती इतकी उथळ होती की तिचा तळ एका खापरीने झाकला जात होता. भीती गेली. तिच्या जागी जे आले त्याला तिरस्कार हाच शब्द आहे, आणि मला तो शब्द वापरायला संकोच वाटत नाही.

वैशाखात परीक्षा झाली. तोंडी प्रश्न झाले. मला सर्व आले. त्यानंतर शेवटची गोष्ट: प्रत्येकीने फाट्यापासून स्वतः वाढवलेले एक झाड कुंडीत लावून पाहुण्यांपुढे ठेवायचे. झाड नाही तर दाखला नाही. माझ्याकडे अंजीर होते. हिवाळ्यात पाने गळाली तेव्हा मी त्याचा फाटा डब्यात लावला होता. उन्हाळ्यात पत्रा तापतो, म्हणून मी डब्याला गोणपाट गुंडाळून ते दिवसभर ओले ठेवत असे. झाड जगले. चार चांगली पाने होती, पाचवे उलगडत होते.

मी गोदूताईंना विचारले, "माझे झाड डब्यात आहे. चालेल का?"

त्या म्हणाल्या, "कुंडीतच हवे, असा नियम आहे."

"मग मला कुंडी द्या."

त्यांनी पदर सारखा केला. "तो नियम तुला माहीत आहे."

दोन नियम. एकाच घरात, एकाच हाताने केलेले. दोन्हींच्या मध्ये माझा दाखला.

आदल्या दिवशी बाईसाहेबांनी तोड काढली. मला ओसरीखाली बोलावले. त्या दिवशी प्रथमच माझ्याशी बोलल्या. "कुमुदकडे दोन अंजिरे आहेत. त्यातले एक तुझ्यापुढे ठेवू. तू मागे उभी राहा. हात लावू नकोस. पाहुण्यांनी विचारले तर म्हण, माझे आहे. दाखला मिळेल. झाले?"

गोदूताईंच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. त्यांना वाटले, प्रश्न सुटला. मी मान खाली घातली. बाईसाहेबांनी तो होकार मानला. वर्षभर मी मान खाली घालत होते. त्यांना दुसरा अर्थ माहीत असण्याचे कारण नव्हते.

दुसऱ्या दिवशी पागेपुढे मांडव घातला. मेजावर पांढरी चादर, तीवर कुंड्या. तुळस मध्यभागी. पुण्याहून एक बाई आल्या होत्या. त्या स्त्रियांच्या शिक्षणावर बोलत असत, असे सांगत. सर्व मुली आपापल्या कुंडीमागे उभ्या राहिल्या. माझ्या जागी कुमुदचे अंजीर ठेवलेले होते. मी तेथे गेले नाही. मी खोगिरांच्या खोलीत गेले, माझा डबा उचलला आणि तो आणून त्या अंजिराशेजारी मेजावर ठेवला. ओल्या गोणपाटाचा डाग चादरीवर पसरला.

"हे काय?" बाईसाहेब.

"माझे झाड."

पाहुण्या बाई डब्याकडे वाकल्या. "छान आहे की! पण हे डब्यात का लावलंस, बाळ?"

"मला कुंडी मिळाली नाही."

"अहो, मग द्या की तिला एखादी," त्या हसून बाईसाहेबांना म्हणाल्या.

बाईसाहेबही हसल्या. "देवाची फुले याच बागेतली जातात ना. जुनी माणसे आहेत घरात. आपले विचार निराळे, पण त्यांचे मन सांभाळावे लागते."

"हो, ते आहेच," पाहुण्या बाई म्हणाल्या आणि लगेच पुढच्या कुंडीकडे वळल्या. इतक्या लवकर समजूत पटलेले माणूस मी पुन्हा पाहिले नाही.

मी मोठ्याने बोलले. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जावे तसे.

"बाईसाहेब, या सगळ्या कुंड्यांच्या तळाशी मला शिवलेल्या कुंड्यांच्या खापऱ्या आहेत. मी फोडलेल्या. तुळशीच्याही तळाशी आहेत. तुमचा नियम खरा असेल तर या सगळ्या फोडा. खोटा असेल तर मला एक कुंडी द्या."

बाईसाहेबांनी आधी तुळशीकडे पाहिले.

"गेनबा," बाईसाहेब म्हणाल्या, "ही काय बोलते?"

गेनबाने पागोट्यावर हात ठेवला. "खापऱ्या लागत्यातच की, बाईसाहेब. एवढ्या चांगल्या खापऱ्या... टाकून द्याच्या व्हय?"

गोदूताई पुढे झाल्या. त्यांनी कुमुदचे ते अंजीर उचलले, बोटांमध्ये खोड धरून कुंडी उलटी केली आणि तिचा काठ मेजावर हलकेच आपटला. आम्हांला शिकवल्याप्रमाणे. मातीचा गोळा अलगद बाहेर आला. त्याच्या तळाशी खापरी चिकटलेली होती. मुळांनी तिला घट्ट धरले होते. चुन्याची रेघ दिसत होती.

"ताई, माझं अंजीर!" कुमुद रडायला लागली. मग ती आपले हात पाहू लागली. दोन्ही बाजूंनी.

आता मी नीट वाट पाहिली. मला खरोखर जाणून घ्यायचे होते. नियम प्राणापलीकडचा होता, मी वर्षभर त्याच्याखाली राहिले होते. आता ते काय करतात? कुदळ येते का? तुळस फुटते का?

कुदळ आली नाही. गोमूत्र आले. पितळी तांब्यातून आले. बाईसाहेबांनी दूर्वांची जुडी बुडवून कुंड्यांवर शिंपडली, ओळीने, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पाहुण्यांचे सरबत संपायच्या आत बाग शुद्ध झाली.

एवढेच होते ते. पहिल्या दिवशीही एवढेच पुरले असते. एक कुंडी, चार थेंब. म्हणजे ती कुंडी फोडायची गरज नव्हती. ती मला दाखवून फोडायची गरज होती. नियम मातीविषयी कधीच नव्हता. स्वतःच्या गैरसोयीपुढे जो नियम सरबताच्या पेल्याएवढाही टिकला नाही, त्याला ते धर्म म्हणत होते आणि मी, सातवी पास, ते ऐकून घेत होते.

मग बाईसाहेब माझ्याकडे वळल्या. चेहरा पुन्हा पाहुण्यांपुढचा झालेला. "ये. तुझ्यावरही शिंपडते. मग कुंडी घे, झाड लाव आणि दाखलाही घे."

पाहुण्या बाईंचे डोळे पाणावले. "घे गं मुली. केवढं मोठं मन आहे बघ त्यांचं!"

कुंडी समोर होती. दाखलाही. दोन पावले पुढे व्हायचे, डोळे मिटायचे, चार थेंब अंगावर घ्यायचे. वडील नसरापूरला म्हणाले ते मला त्या वेळी आठवले, हे मी लपवत नाही.

मी विचारले, "माझ्यावर काय सांडले आहे म्हणून शिंपडता?"

बाईसाहेबांचा हात तसाच राहिला. दूर्वांमधून थेंब त्यांच्याच पायावर पडत होते.

"दाखला नको का?" त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"हवा आहे. पण तो झाडाचा आहे. हा दाखला मी घाणेरडी होते याचा होईल."

मी डबा उचलला आणि निघाले. फाटकाशी गोदूताई धावत आल्या. मला वाटले, काही बोलतील. त्या म्हणाल्या, "डबा इथला आहे गं."

मी डबा उलटा केला, झाड काढून घेतले, मुळे पदरात बांधली आणि रिकामा डबा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो घेतला. पत्र्याला दोष नव्हता.

ते अंजीर जगले, असे लिहिता आले असते. जगले नाही. वैशाखाचे ऊन, उघडी मुळे. मार्गासनी दिसायच्या आत पाने लोळली होती. मी ते वाटेत टाकले.

वडील दारात होते. "दाखला?"

"नाही मिळाला. घेतला नाही."

त्यांनी सारे ऐकून घेतले. "चार थेंबांनी काय मेली आसतीस व्हय?" म्हणाले. माझी पाठ थोपटली नाही. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या अंगावर आयुष्यभर जे सांडत आले त्यापुढे चार थेंब त्यांना थोडे वाटले.

गावकी मी केली नाही. मी आमच्या वस्तीतल्या मुलांना शिकवू लागले. मला कोणी नेमले नाही, त्यामुळे कोणी काढूही शकत नाही.

गेल्या महिन्यात गेनबा आला. म्हातारा झाला आहे. वस्तीबाहेरच्या दगडावर टेकला. "बाईसाहेबांनी बोलीवलंय, पोरी. वसतिगृहाचा सोहळा हाय. तुला पुढं बशिवणार हाइत. लुगडं देणार."

मी विचारले, "गेनबा, माझ्या खापऱ्या अजून आहेत का कुंड्यांत?"

"हाइत की. झाडं मेली, बदलली. खापरी काय सडती व्हय?"

"मग सांग त्यांना, कुंड्या फोडायच्या राहिल्या आहेत. फोडल्या की येते."

तो मान हलवून गेला.

आता पुढचे. आमच्या गावच्या शाळेत वर्गाच्या कोपऱ्यात तिवईवर पाण्याचा माठ आहे. मातीचा. आमची मुले शाळेच्या पडवीत बसतात आणि त्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओततात. ओतणारा मिळाला तर. शाळा उघडली की पहिल्या दिवशी मी माझी मुले घेऊन वर्गात जाणार आहे. त्यांना बाकावर बसवणार आहे. मग माठापाशी जाऊन त्यांच्या देखत तांब्या बुडवणार आहे आणि प्रत्येकाला पाणी देणार आहे. प्रत्येकाला म्हणजे प्रत्येकाला.

गावचे पंच गोमूत्र आणतील. मी माठापुढे उभी राहीन. शिंपडू देणार नाही. सवलत नको. नियम पाळायचा असेल तर पुरता पाळा, जसा माझ्यावर पाळलात. माठ फोडा. दुसऱ्या दिवशी नवा आणाल, मी पुन्हा तांब्या बुडवीन. तिसऱ्या दिवशीही. खापऱ्या मुलांकडून वेचून घेईन. झाडे लावायला आम्हांला त्या लागतात. गावाचा कुंभार थकेल, पंचांचे हात थकतील. मी थकणार नाही, माझ्यामागे वर्ग आहे.

तो शब्द पागेत पहिल्या दिवशी बाईसाहेबांनी उच्चारला होता. आता तो मी उच्चारणार आहे, वर्गाच्या मध्यभागी उभी राहून.

फोडा.